गालाखालची सावली

मुलगी दारात चपला घालत होती, आणि त्याला तिच्या डाव्या गालाखालची सावली जरा जास्त झालेली दिसली. उजवीकडची बरोबर होती, डावीकडची कड सुटली होती. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड नेमका तिथे पडला होता आणि असल्या उजेडात कच्चा हात लगेच उघडा पडतो, हे त्याला धंद्यानं माहीत होतं. "थांब गं जरा," असं म्हणून त्यानं चहाचा कप खिडकीत ठेवला आणि अंगठा तिच्या गालावरून वर, कानाकडे ओढला. दिवसभरात हे तो किती चेहऱ्यांवर करत असेल याला गणती नव्हती. शॉट तयार असला की ब्रश शोधायला कुणाला सवड असते? अंगठा फिरवला की कड विरते, रंग कातडीत मिसळतो. पण काही मिसळलं नाही. सावली होती तिथेच राहिली. त्यानं पुन्हा अंगठा फिरवला, जरा जोर देऊन, तेव्हा अंगठ्याखाली गाल असा लागलाच नाही, थेट दाढा लागल्या. कातडी थंड होती, आणि तिच्यावर मऊ, बारीक लव होती. तशी लव त्यानं तिच्या गालावर ती तान्ही असताना पाहिली होती, त्यानंतर कधी नाही. "बाबा, उशीर होतोय मला," ती हसून म्हणाली, मान बाजूला घेतली आणि गेली. जिन्यात तिची पावलं वाजली नाहीत. हल्ली ती वाजायचीच नाहीत. त्यानं खिडकीशी जाऊन अंगठा उजेडात धरून पाहिला. अंगठा स्वच्छ होता.

तो मालिकांचा मेकअपमन होता. लोकांची तोंडं रंगवून संसार केला, असं तो स्वतःबद्दल गमतीनं म्हणायचा, आणि गंमत सोडली तरी त्यात खोटं काही नव्हतं. चेहरा म्हणजे काय, तर उजेड आणि सावली. जिथे खोल दाखवायचं तिथे गडद लावा, जिथे भरलेलं दाखवायचं तिथे फिकं लावा. एवढ्याच भांडवलावर त्यानं म्हाताऱ्यांना तरुण केलं होतं, तरुणांना म्हातारं केलं होतं, आणि वजन घटवण्याच्या कसल्याशा पावडरीच्या जाहिरातीसाठी एकाच बाईला एकाच दुपारी 'आधी' आणि 'नंतर' केलं होतं. आधीच्या वेळी तिला पोट सैल सोडून उभी केली, हनुवटीखाली फिकं लावलं, खांदे पाडायला सांगितले आणि चेहरा रडका. नंतरच्या वेळी गालांखाली, गळ्याच्या हाडांशी, दंडांच्या कडेला गडद ओढलं, आणि बाईला हसायला सांगितलं. दोहोंच्या मध्ये बाई भरपेट जेवून आली होती. हे त्यानं घरी येऊन रंगवून सांगितलं तेव्हा मायलेकी हसून हसून लोळल्या होत्या. मुलगी तेव्हा शाळेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं, ते पोस्टर माझ्या बाबांनी केलंय, सगळं खोटं आहे. म्हणजे तिला माहीत होतं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला तेच कळेनासं झालं. जिला पडद्यामागचं सगळं घरबसल्या कळलं होतं, ती त्या पडद्याला कशी भुलेल? आणि भुलली नसेल तर मग गाल गेला कुठे? समोरच्या बाकावर एक तरुण मुलगी फोनमध्ये स्वतःचाच चेहरा बघत होती, हनुवटी वर करून, गाल आत ओढून, पुन्हा पुन्हा. त्यानं मान फिरवली.

आणि तो स्वतः मात्र गेले कित्येक महिने फुशारकी मारत हिंडत होता. मेकअप रूममध्ये जो भेटेल त्याला सांगायचा, आमच्या पोरीचा हात बघा एकदा, शेडिंग असं करते की ओळखू येत नाही, बाजारात उतरली तर आपल्याला घरी बसवेल. रविवारी दुपारी ती त्याची पेटी उघडून बसायची आणि विचारायची, बाबा, गाल आत गेलेले कसे दाखवायचे? मान लांब कशी दाखवायची? मनगट? मनगटाचं काय करायचं असतं, असं म्हणून तो हसला होता, आणि तरी त्यानं दाखवलं होतं. मुलगी आपल्या धंद्याकडे वळतेय या आनंदात त्याचं ऊर भरून आलं होतं, खोटं कशाला बोला. लहानपणी ती अशी गुबगुबीत होती की मनगटाला दोरा बांधल्यागत वळी पडायची. तिचं 'गट्टू' हे नाव त्यानंच पाडलेलं, आणि ते घरात, जिन्यात, शाळेत सगळीकडे चिकटलं. पहिल्यांदा ती अंगानं उतरली तेव्हा बायकोच्या मावशीनं तेवढं म्हटलं, "काय गं, सुकलीस?" पण मावशी जुन्या काळातली, तिच्याकडे कोण लक्ष देतो. बाकी झाडून सगळे खूश झाले. एका लग्नात तर बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. काय छान बारीक झालीस, काय खातेस, आम्हाला सांग की, कसं मेन्टेन करतेस! त्या 'मेन्टेन'ची बायकोला कोण धन्यता वाटली होती. घर मेन्टेन करावं, गाडी मेन्टेन करावी, तशी पोरगी. घरी येताना रिक्षात बायको त्याला म्हणाली होती, माझ्या अंगाला आयुष्यात कुणी चांगलं म्हटलं नाही हो, हिला म्हणतायत तर ऐकत राहावंसं वाटतं. आणि गट्टू त्या दोघांच्या मध्ये बसली होती, आणि दोघांनाही ऐसपैस जागा उरली होती.

स्टुडिओत पोचला तर दिग्दर्शक मेकअप रूमच्या दारातच उभा. मालिकेतल्या थोरल्या सुनेला आज वेड लागायचं होतं. "दादा, आज हिला वेडी करायचीय. पण चॅनलचं म्हणणं असं की बघवली पाहिजे. वेडी, पण आपली थोरलीच वाटली पाहिजे. काय म्हणतोय कळलं ना?" त्याला कळलं. त्याच्या उस्तादानं त्याला कितीतरी वर्षांपूर्वी शिकवलं होतं की निम्मं वेड केसांत असतं आणि निम्मं डोळ्यांखाली. केस उलटे विंचरून राखाडी पावडर मारायची, काजळ ओलं असतानाच बोटानं खाली ओढायचं, ओठांवर बेसचा कोरडा थर देऊन ते फुटू द्यायचे, आणि एक बटण चुकीच्या काजात घालायचं. या चुकलेल्या बटणावर उस्तादाचा भारी जीव होता. लांबून, मागच्या रांगेतल्यालाही कळतं म्हणायचा. नाटकं गेली, पडदा घरात आला, मागची रांग उरली नाही, तरी बटण चुकतंच राहिलं. त्यानं स्वतः अशा किती वेड्या केल्या असतील. नवरा गेल्यानं झालेल्या, मूल गेल्यानं झालेल्या, सवतीनं औषध घालून केलेल्या. सगळ्यांचे केस विस्कटलेले, सगळ्या खदाखदा हसणाऱ्या. बायको ते बघून डोळे पुसायची आणि म्हणायची, किती खरं करता हो तुम्ही.

थोरली खुर्चीत येऊन बसली. पडद्यावर ती सोशीक होती, खुर्चीत चांगली फाटक्या तोंडाची. "ऐकलंत ना दादा? वेड लागलं तरी वजन वाढता कामा नये," ती म्हणाली. "कालपासून काकडीवर आहे. आज वेगळा अभिनय करायची गरज नाही, भुकेनंच किंचाळीन." तो हसला, पण हसण्यात त्याचं मन नव्हतं. त्यानं बेस लावला, स्पंज फिरवला, आणि गालाखाली ब्रश न्यायची वेळ आली तेव्हा त्याचा हात अडला. अडला तो अडलाच. आरशातून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"मॅडम, एक विचारू का? गालावर लव येते का हो? म्हणजे मोठेपणी?"

"कुणाच्या गालावर?"

"असंच. ओळखीतल्या एकीच्या."

"ओळखीतल्या एकीच्या म्हणजे मुलीच्या," थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "काही खात नाही ती?"

"खाते की. म्हणजे, ताटावर असते आमच्याबरोबर."

"मलाही आली होती. पहिल्या मालिकेच्या वेळी. अंगात ऊब राहत नाही ना, मग अंग स्वतःच पांघरूण घालून घेतं. मी वॅक्सिंग करून टाकायचे. तुम्हीच होतात तेव्हा मेकअपला. म्हणालात, मॅडम, चेहरा काय कोरलाय, शेडिंगची गरजच नाही."

त्याला आठवलं. तो खरंच तसं म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. आठवलं तेव्हा त्याला ब्रश खाली ठेवावा लागला. "मग बऱ्या कशा झालात?" त्यानं विचारलं.

"बरी झाले असं कोण म्हणालं? काकडीवर आहे म्हटलं ना आत्ता. पण मेले नाही. एक डॉक्टर आहे, मनाची. अजून जाते तिच्याकडे, चॅनलच्या कानावर जाऊ देऊ नका. माझ्याबरोबर एक मुलगी होती, ती नाही गेली कुणाकडे. जिना चढताना हृदय बंद पडलं तिचं. बघायला आलेल्या बायका काय म्हणत होत्या माहितीये? शेवटपर्यंत काय छान राहिली होती. दादा, तिला घेऊन जा. लवकर जा."

"पण ती वेडी नाही हो," तो म्हणाला. आपला आवाज केविलवाणा येतोय हे त्याला कळत होतं. "रोज केस विंचरते. अंथरुणाची घडी घालते. पहिला नंबर सोडलेला नाही तिनं. कुणाला उलटून बोलत नाही. काही म्हणजे काही दिसत नाही हो तिच्याकडे बघून."

"असं दिसत असतं ना," थोरली म्हणाली आणि तिनं आरशातल्या स्वतःच्या तोंडाकडे, अर्धवट ओढलेल्या काजळाकडे बोट केलं, "तर सगळ्यांना वेळेवर कळलं असतं. करा पुढे. तो बाहेर ओरडायला लागलाय."

शॉट लागला. थोरली किंचाळली, हसली, हाताला येईल ते फेकलं, आणि दिग्दर्शक म्हणत राहिला, अजून, अजून हस, घरात बायका भाजी निवडत बघतात, त्यांची मान वर झाली पाहिजे. तो पफ हातात धरून दिव्यांच्या मागे उभा होता आणि त्याला आपली आत्या आठवत होती. आत्याला त्यानं कधी मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. ती कपड्यांच्या घड्या घालायची. घातलेली घडी मोडून पुन्हा घालायची, कडेला कड जुळेपर्यंत, आणि घरातली मोठी माणसं इतर मुलींना सांगायची, शिस्त शिकावी तर हिच्याकडून. जेवायला बसली की चिमणीएवढं खायची, त्याचंही कौतुक. शेवटी शेवटी ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, तेव्हाही तिची वेणी घट्ट आणि भांग सरळ होता, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ती गेली तेव्हा झुरून गेली म्हणाले. कशानं झुरली हे कुणी विचारलं नाही, आणि तो लहान होता, पण लहान असण्यावर त्याला आज ढकलता येईना, कारण पुढे उस्तादाच्या हाताखाली वेड्या करायला शिकताना त्याला एकदाही, चुकूनसुद्धा, आत्या आठवली नव्हती. उस्तादानं सांगितलेलं वेड इतकं पटण्यासारखं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, दादा, तोड नाही तुमच्या वेडीला.

घरी आला तेव्हा दिवे नुकतेच लागले होते आणि बायको शिलाई मशीनवर होती. ती एका कपड्यांच्या दुकानासाठी आल्टरचं काम करायची, सैल ते घट्ट, लांब ते आखूड. अर्धं काम दुकानात आणि अर्धं घरी. आत्ता मशीनवर होता तो मुलीचा पूर्ण बाह्यांचा कुडता. "पुन्हा सैल झाला तिला," बायको कौतुकानं म्हणाली. "मागच्या महिन्यात तर आत घेतला होता. आता आत घ्यायला कापडच उरलं नाही, दोन्ही शिवणी एकमेकींना भेटतायत." ती हसली, आणि मग तिचं हसणं जरा लांबलं आणि थांबलं. तिनं कुडता उचलून समोर धरला. तो लहान मुलीचा वाटत होता. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात तिनं तो झटकून मशीनखाली घातला आणि टाचणी तोंडात धरली, म्हणजे बोलायला नको.

"तिला डॉक्टरकडे न्यायचंय," तो म्हणाला.

बायकोनं टाचणी काढली. "कशाला? ताप आहे का तिला?"

"ताप नाही. मनाच्या डॉक्टरकडे."

"मनाच्या?" तिचा आवाज चढला, मग जिन्याकडचं दार उघडं आहे हे आठवून एकदम उतरला. "वेडी आहे का माझी मुलगी? काय बोलताय तुम्ही? ज्या घरात बायका केस उपटत फिरतात त्यांनी जावं तिकडे. ती आत्ता स्वयंपाकघरात सगळ्यांची ताटं घेतेय. वेडी ताटं घेते का? दिवसभर वेड्या रंगवता, आता घरात दिसायला लागल्या तुम्हाला."

ती खरंच ताटं घेत होती. रोज तीच वाढायची आणि तीच सगळ्यांत शेवटी बसायची. आज तो मुद्दाम पाहत राहिला. तिनं उकडलेल्या बटाट्याचे चार तुकडे केले, त्या चारांचे आठ, मग ती एकेक तुकडा ताटाच्या कडेला सरकवत गेली, अगदी नीट, एकापासून एक सारख्या अंतरावर, आणि एकीकडे आईला कॉलेजातली काहीतरी गंमत सांगत होती, आणि गंमत खरोखरच चांगली होती. आई हसत होती. घास तोंडापर्यंत जायचा, बोलायला म्हणून थांबायचा आणि खाली यायचा. इतका सफाईदार हात त्यानं चांगल्या चांगल्या नटांचा पाहिला नव्हता. शेवटी ती उठली, तिनं सगळ्यांची ताटं एकावर एक ठेवली, आपलं सर्वांत खाली, आणि आत गेली. आपण जेवलो की नाही हे त्याला आठवेना.

मग तो गॅलरीत तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. उकडत होतं आणि तिनं शाल घेतली होती. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "गट्टू, तुला भूक लागत नाही का गं?"

ती समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत होती. "लागते," ती म्हणाली. "सारखी लागते. तेवढंच तर माझं चांगलं जमतंय बाबा, लागली तरी न ऐकणं. बाकीचं काय जमतंय मला?" मग ती वळली. "तुम्हाला वाटतंय ना मी वाळलेय? तुम्ही बाबा आहात, तुम्हाला तसंच दिसणार. मला रोज दिसतं. इथे बघा. इथे." तिनं शालीतून हात काढून दंडाची चिमूट धरली. चिमटीत नुसतं कातडं होतं. ती त्याच्याकडे अशा खात्रीनं बघत होती की क्षणभर त्यानं खाली वाकून, डोळे बारीक करून खरंच शोधलं, आपल्या नजरेतून काही सुटतंय का. सबंध जन्म ज्यानं लोकांना नसलेलं दाखवलं, त्याला पोटच्या पोरीला असलेलं दाखवता येईना. त्याला भीती वाटली. नुसती, उघडी भीती, लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर वाटायची तशी.

"एका डॉक्टरबाईंकडे येशील माझ्याबरोबर?" त्यानं विचारलं. "नुसतं बोलायला. माझ्यासाठी."

ती नाही म्हणेल या तयारीत तो होता. ती म्हणाली, "येईन." आणि थोड्या वेळानं, "मला खूप थकवा येतो बाबा. जिन्यात मध्येच बसावं लागतं. कुणाला सांगू नका." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताखाली केस विरळ लागले. "पण एक," ती म्हणाली. "मला अशी नेऊ नका. मला तिथे वेडी दिसायचं नाहीये. तुम्ही करून द्या. नीट दिसू दे मला." तो म्हणाला, "असं करीन की बघत राहतील."

थोरलीच्या डॉक्टरबाईंनी परवाची सकाळची वेळ दिली. त्या सकाळी त्यानं स्टुडिओत येत नाही म्हणून कळवलं आणि खुर्ची खिडकीत ओढून मुलीला बसवलं. बायको आतल्या खोलीत होती आणि भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजत होती. ती बरोबर यायला तयार झाली होती, पण रागानं. त्यानं मुलीचे केस मागे बांधले आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे कामासारखं पाहिलं. कानशिलं खोल गेली होती. डोळ्यांच्या खोबणीची कड बोटानं मोजता आली असती. ओठांचे कोपरे चिरलेले होते, ते त्यानं कधी मुद्दाम फोडले नव्हते, ते आपोआप फुटले होते. कुणा गिऱ्हाइकाचा असा चेहरा असता तर तो म्हणाला असता, यात मी काय करणार. पण हात त्याचा होता आणि पोर त्याची होती. त्यानं फिकं घेतलं. गालांच्या खोलगटात फिकं भरलं, कानशिलांवर भरलं, डोळ्यांखाली, हनुवटीच्या दोन्ही अंगांना. कडा विरवत नेल्या. गालांच्या वर, हसल्यावर जिथे गोल येतात तिथे, थोडी लाली दिली. जसजसा हात फिरत गेला तसतशी ती परत यायला लागली, ती वळी पडणाऱ्या मनगटांची, कडेवर जड होणारी, त्याच्या खांद्यावर लाळ गाळणारी. त्याला कित्येक महिन्यांनी पोटात ऊब वाटली. आपण काय करतोय, कुणासाठी करतोय, तिनं 'नीट' म्हटलं ते कशाला, यातलं काहीही त्याच्या मनात आलं नाही. तो आपली मुलगी परत मिळवत होता, आणि ती मिळत होती. शेवटी तो मागे सरकला आणि त्यानं आरसा तिच्या हातात दिला.

बायको दारात आली होती. "अगोबाई!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "बघा तर! काय झालंय हिला? उगीच जिवाला घोर लावलात."

मुलगी आरशात पाहत राहिली. तिनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, गाल आत ओढून पाहिले, सोडून पाहिले. सगळेच आरशासमोर करतात, त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "जास्त झालं का?" त्यानं विचारलं, धंद्यातला प्रश्न म्हणून. "नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे. असंच आहे." आणि आरसा पालथा ठेवून तिनं चपला घातल्या.

तिघं जिना उतरायला लागली. ती मध्ये होती, कठड्याला धरून, आणि तो एक पायरी पुढे, कारण तिला मध्येच बसावं लागलं तर. पहिल्या वळणावर खालच्या मजल्यावरच्या काकू बाजाराची पिशवी घेऊन वर येत होत्या. काकू मनानं चांगल्या. मुलीच्या जन्मापासून तिला ओळखत होत्या, आणि गेले काही महिने तिच्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरायचा हे त्यानं पाहिलं होतं. आता त्यांनी पिशवी पायरीवर टेकवली, मुलीची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या जिना दुमदुमेल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं गट्टू! वा! मस्त तब्येत सुधारली गं तुझी!"

कुणाच्या बारशाला, लग्नाला, रस्त्यात हा शब्द त्यानं हजारदा ऐकला होता, स्वतः वापरला होता. माणूस जाडजूड झाला की त्याला जाड म्हणायचं नसतं, तब्येत सुधारली म्हणायचं. आजारातून उठला तरी तेच म्हणायचं. एकाच शब्दात दोन्ही बसतात, आणि ऐकणाऱ्यानं आपल्याला हवं ते घ्यायचं. मुलीचा हात कठड्यावर घट्ट झालेला त्यानं पाहिला. ती हसली. ती कुणाला उलटून बोलत नसे. "थँक्यू काकू," ती म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरली, थांबली, वळली, आणि एका हातानं भिंत धरून, दम लागत असताना, इतक्या वेगानं वर गेली की तो हाक मारेपर्यंत वर खोलीची कडी वाजली.

"काय झालं हो?" काकू घाबरून विचारत होत्या. "माझं काही चुकलं का? मी तर चांगलंच बोलले."

"हो काकू, चांगलंच बोललात," तो म्हणाला आणि वर धावला. बायको त्याच्या मागे. तिनं काहीच विचारलं नाही, आणि तिचा चेहरा पाहून त्याला कळलं की तिला विचारायची गरज उरली नाही. ती दाराला दोन्ही हात लावून उभी राहिली. त्यानं दार वाजवलं. नाव घेऊन हाक मारायची तर ते नाव तोंडातून निघेना. "बाळ," तो म्हणाला, "ते मी लावलंय गं. तो रंग आहे. ते तुझं नाही. डॉक्टरबाई वाट बघतायत, आपण नुसतं बोलायचंय. दार उघड."

मग दाराच्या अगदी जवळून तिचा आवाज आला, समजूतदार, कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं.

"बाबा, त्यांना फोन करून कळवा ना, तब्येत सुधारली म्हणून."